चोपराम गुरुजींचा फासा

आमच्या दिघोरीत चोपराम गुरुजींच्या ओसरीवर पाय ठेवला की ते पाण्याआधी फासा पुढे करतात. पितळी पेल्यात फासा टाकून हलवायचा, आत डोकावायचं आणि काय पडलं ते सांगायचं. सहा पडला तर जवसाचा लाडू, नाहीतर नुसतं पाणी. आत बघायचं फक्त तुम्ही. गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसतात आणि तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतात, निदान तसं दाखवतात.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर 'माणूस खोटं कधी बोलते' याच्या मागे हात धुऊन लागला. बेडकं कापायची हौस राहून गेली होती, ती आमच्यावर भागवली. "मी काही बोलत नाही, फक्त पाहून राहिलो," हे त्यांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत "मले बुंदी नाही आली" म्हणणाऱ्यांकडेही ते असेच पाहतात, आणि माणसं ओशाळून पान आवरतात.

त्यांचा शोध साधा होता. "भाऊ, माणूस एकटा आला का दोन पडले तं दोनच सांगते. घोळक्यात एकानं सहा म्हटलं का सगळ्याइलेच सहा पडते." आणि ते खरंच होतं. धानाच्या रोवणीवरून बायका सोबतीनं आल्या की फासा दुसरं काही दाखवायचाच नाही. गुरुजींची बायको, आमच्या काकू, आतून लाडवांचा डबा आणत त्यांना दटावायच्या, "खाऊ द्या ना लोकाइले, कायले तपासता?"

गेल्या वर्षी काकू गेल्या. प्रयोग चालूच राहिला, पण लाडू आता गुरुजी स्वतः वळू लागले. गुळाच्या पाकाचं आणि त्यांचं कधी जमलंच नाही. एका लाडवानं माझी दाढ हलली. आमच्या म्हशीनं तो लाडू हुंगून तोंड फिरवलं. मग गाव एकाएकी खरं बोलू लागलं. ज्याला त्याला एक, तीन, चार. गुरुजींनी खूश व्हायला हवं होतं, पण ते दिवसेंदिवस सुकत चालले.

"गाव इमानदार झालं, भाऊ," एकदा मला म्हणाले. "आता मंडईच्या दिवशी कोणीच सहा नाही म्हटलं, तं मी पोरीकडे नागपूरले जातो. येथं कोणाले माही गरज आहे?"

मी हे फक्त बायकोला सांगितलं. म्हणजे गावाला सांगितलं.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा भरली, तशी सगळी गर्दी आधी गुरुजींच्या ओसरीवर आली. पहिला पेला म्हाताऱ्या चंद्रभागा काकींनी हलवला. त्यांच्या तोंडात औषधालाही दात नाही.

"सहा," काकी म्हणाल्या.

गुरुजी भिंतीकडून वळले. "काकी, खाणार कशी?"

"चघळीन. तुमच्या हातचा आहे ना."

मग ज्यानं त्यानं सहाच म्हटलं. डबा रिकामा झाला तरी लोक सहा सहा करत हात पुढे करत होते. कुणी तर पेल्यात फासा टाकायलाच विसरला. एवढं खोटं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, आणि मला भरून आलं. गुरुजी एकेका तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना सगळं कळलं होतं.

मी पेला त्यांच्या हातात दिला. "गुरुजी, आता तुम्ही."

त्यांनी तो हलवला. आत पाहिलंच नाही.

"सहा," ते म्हणाले.

काकींनी आपला लाडू त्यांच्या हातावर ठेवला. गुरुजींनी तो चावून पाहिला.

"लयच कडक झाला वो," म्हणाले, आणि डोळे पुसत हसू लागले. दाराआड नागपूरची पिशवी भरून ठेवलेली होती. ती माझ्या बायकोनं आत नेऊन रिकामी केली.