टेंभी नाक्याहून सॅक्सोफोन सोडवून आणिल्याची हकीकत

श्रीकौपिनेश्वराचे कृपेंकरून शके एकोणीसशें तेरा, वैशाखमासीं, डोंबिवलीकर राजमान्य राजश्री सुधीरपंत गिटारबहाद्दर यांणी ‘तिढा’ नामें आपली पहिली कॅसेट कैसी सिद्धीस नेली, तें वर्तमान येथें यथास्थित लिहिलें असे.

रॉक आणि जॅझ हे दोन्ही मुलूख एका छत्राखालीं आणावे, ऐसा पंतांचा मनसुबा. चाल साडेसात मात्रांची. कळव्याचा स्टुडिओ त्या एकाच दिवसापुरता मिळाला होता. दुसरे रोजीं तेथें साड्यांचें दुकान बसावयाचें. फौज सकाळींच दाखल जाहली, तारा जुळल्या, आणि मग खबर आली कीं सॅक्सोफोनचे सरदार उत्तमराव यांसी त्यांचे तीर्थरूप बँडमास्टर दामाजीराव यांणी लाल कोट चढवून ठाण्यास लग्नाचे वरातीवर नामजाद केलें. उत्तमरावांची सर दुसरियास नाहीं. सबब पंत गिटारीसह खाडीपूल ओलांडोन टेंभी नाक्यावर चालून गेले.

तेथें नवरदेवाच्या मातोश्री, चेंदणी कोळीवाड्याच्या आवडाबाईसाहेब, आघाडीस नाचत होत्या. उत्तमरावांस तत्काळ सोडावें, ऐसा अर्ज पंतांनीं गुदरला. उत्तमराव बापाकडे पाहात, मित्राकडे पाहात, आणि मग दोहोंकडे पाहवेना म्हणोन डोळे मिटोन वाजवीत राहिले. बाईसाहेबांचा हुकूम जाहला: “पोऱ्या मांडवान पोचला का मंगच तुमचा वाजपी सुटंल. घाई हाय तं तुमी पन वाजवा.”

पंतांस लग्नाचें एकही गाणें येत नव्हतें. मग त्यांणी बँडच्या गाड्यावरील भोंग्यास गिटार जोडिली आणि आपलीच चाल सुरू केली, आणि उत्तमरावांस राहवेना, तेही सामील जाहले. कोळिणींचे पाय जागीं थिजले.

बाईसाहेब म्हणाल्या, “यो कसला ताल गो? पाय उचलला तं ठेवाया जागाच नाय.”

नाचतां येईना, म्हणोन लोक निमूट चालों लागले आणि वरात जी दौडत सुटली, ती मुहूर्ताआधींच मांडवीं थडकली. वधूपक्ष अद्याप उपमा खात होता, भटजी धोतर सोडोन नेसत होते. ऐसें ठाणे प्रांतीं पूर्वीं घडलें नव्हतें. बाईसाहेबांनीं वचन पाळिलें. दामाजीराव लेकास इतुकेंच बोलिले, “जा. कोट घालूनच जा, वेळ नको दवडू.”

दिवस मावळण्यापूर्वीं कॅसेट पुरी जाहली. ऐसी फत्ते जाहली, हें सर्वांस जाहीर असावें. कॅसेट फार कोणी ऐकिली नाहीं. परंतु ज्यांचे मुहूर्त निकडीचे, ते यजमान तेव्हांपासोन पंतांस आवर्जून पाचारण करूं लागले.