साठ कादंबऱ्या आणि सासूबाईंचा शेरा

"एकही कादंबरी मी स्वतः वाचल्याशिवाय मुलांच्या हातात जाणार नाही!" सोमवारी शिक्षकांच्या बैठकीत ग्रंथपालबाईंनी ठणकावून सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांच्या गजरात मुख्याध्यापकांचं पुढचं वाक्य त्यांना नीट ऐकूच आलं नाही. बैठक संपल्यावर कळलं, ते वाक्य असं होतं, "मग शनिवारी पालक समितीपुढे दोन याद्या ठेवा. एक पाचवी ते सातवीची, एक आठवी ते दहावीची."

नव्या कादंबऱ्या होत्या साठ!

दिवसाला बारा वाचल्या की झालं, असं म्हणत बाई दोन पिशव्या घेऊन घरी आल्या. सोमवारी दिवस मावळेपर्यंत वाचून झाली एक. तीही सगळ्यांत पातळ, आणि त्यातही निम्मी चित्रं.

मंगळवारपासून बाईंचा पाय एका जागी ठरेना. उभ्याने वाच, बसून वाच, भाजी चिरताना वाच! एका कादंबरीतलं पोरगं विहिरीत पडलं आणि इकडे दूध उतू गेलं. बाई धावल्या, गॅस बंद केला, ओटा पुसला, परत येऊन वाचायला लागल्या. पंधरा पानं झाल्यावर त्यांच्या मनात आलं, विहिरीतलं पोरगं अंतराळयानात गेलं कसं? हातात दुसरंच पुस्तक होतं.

"सूनबाई, बस गं एका जागी! तुझ्याकडे बघून मला गरगरतंय," सासूबाई म्हणाल्या. सासूबाई निवृत्त परिचारिका. तीस वर्षं त्यांनी वॉर्ड असा सांभाळला होता की डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून खोकायचे.

"आई, साठ आहेत हो! शनिवारी माझी शोभा होणार!"

"वॉर्डात साठ पेशंट असले तर एकच नर्स सगळ्यांना सुया टोचते का? आण इकडे तीस."

नववीतली लेक आईच्याच शाळेत होती. तिने कानातला इअरफोन अर्धा काढला. "वीस मला दे. पण मी खरं ते लिहिणार हं!"

"तू फक्त इयत्ता लिही गं बाई!"

बाईंच्या वाट्याला दहा उरल्या. ठरलं असं, की प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी ठेवायची. वर इयत्ता, खाली शेरा. तीन दिवस घरात फक्त पानं उलटल्याचा आवाज होता. सासूबाई चष्मा पुसून पुसून वाचत होत्या, लेक पलंगावर उलटीसुलटी होऊन वाचत होती, आणि बाई दर दहा मिनिटांनी उठून दोघींची किती झाली ते मोजून येत होत्या.

शुक्रवारी त्यांनी चिठ्ठ्यांवरच्या इयत्ता उतरवून दोन्ही याद्या तयार केल्या. खालचे शेरे वाचायला वेळ कुणाला होता! "चिठ्ठ्या काढ आणि पुस्तकं पिशव्यांत भर," असं त्यांनी लेकीला सांगितलं. लेकीच्या कानात गाणं चालू होतं. तिने पुस्तकं मात्र अगदी नीट भरली.

शनिवारी ग्रंथालयातल्या लांब टेबलाभोवती पालक समिती बसली. अध्यक्ष दंतवैद्यबाई होत्या. "साठच्या साठ तुम्ही स्वतः वाचल्यात? कमाल आहे!" त्या म्हणाल्या. बाईंनी कशीतरी मान हलवली. ते हो होतं की नाही, हे बघणाऱ्याने ठरवावं.

मुख्याध्यापकांनी कौतुकाने एक पुस्तक उचललं. चिठ्ठी पडली. "वा, शेरेसुद्धा लिहिलेत!" म्हणून त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "आठवी ते दहावी. यातला मुख्याध्यापक सेम आपल्या सरांसारखा! फक्त याला शेवटी अक्कल येते."

बाईंना वाटलं, कपाटात शिरावं आणि आतून कडी लावून घ्यावी. पण कपाटाला कडी बाहेरून होती.

तेवढ्यात दंतवैद्यबाईंनी दुसरं पुस्तक उघडलं होतं. "नववीपासून पुढे. चुंबन एक, पान एकशे बारा, लांबी तीन ओळी. खात्रीसाठी पुन्हा वाचलं. तीनच ओळी." त्यांचे खांदे हलायला लागले. मग काय! सगळी समितीच पुस्तकांवर तुटून पडली. "हे ऐका! 'पान चाळीसपर्यंत प्रकृती ठीक, पुढे कुत्रा मरतो. सहावीला द्यायला हरकत नाही, पण रुमालासह.'" "आणि हे! 'नायिका चौदा वर्षांची आहे म्हणे. बोलते चाळीसची. आमच्या वर्गात आली तर डबासुद्धा एकटीच खाईल!'"

"बाई," मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "ही अक्षरं दोन वेगळी आहेत."

"तीन आहेत सर," बाई म्हणाल्या. "मी दहाच वाचल्या. तीस सासूबाईंनी, वीस लेकीने. मी खोटं बोलले. म्हणजे बोलले नाही, पण मान हलवली."

कुणी काही बोलायच्या आत घंटा झाली आणि सहावीचा वर्ग आत घुसला. दारातून त्यांनी सगळं ऐकलं होतं! "बाई, रुमालवालं मला!" "मी आधी सांगितलं!" पाच मिनिटांत टेबल निम्मं रिकामं झालं. या मुलांनी वर्षभर ग्रंथालयात फक्त पंख्याखालची जागा पटकावली होती.

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "चिठ्ठ्या राहू द्या," ते म्हणाले. "दोन्ही परीक्षकांना माझे आभार कळवा. आणि बाई, पुढच्या वेळी मान हलवू नका." अक्कल येणारं पुस्तक मात्र त्यांनी बगलेत मारलं. तपासणीसाठी म्हणे! बुधवारी त्यांनी ते स्वतः आणून दिलं. "वाचलं. येते खरी शेवटी," एवढंच बोलून ते निघून गेले.

पुढच्या शनिवारपर्यंत सासूबाईंची तीसही बाहेर, लेकीची वीसही बाहेर. कपाटात दहा पुस्तकं ताठ उभी होती. त्यांतल्या चिठ्ठ्यांवर बाईंच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'संस्कारक्षम. भाषा उत्तम. अवश्य वाचावे.'

बाईंनी सहावीतल्या एका मुलीला थांबवून विचारलं, "ही का गं नेत नाही कुणी?"

मुलगी जरा घुटमळली. मग समजावणीच्या सुरात म्हणाली, "बाई, तुम्ही त्यावर चांगलं आहे असं लिहिलंय ना!"