पुस्तकातला ताप

रामहरीनं जीपमधी बसायच्या आदीच सगळ्या गावाला सांगून टाकलं हुतं, की लेखक आपल्याला बघितल्याबरोबर स्टेजवरनं उडी मारनार. पायऱ्या उतरत बसनार न्हाई, उडीच. आन् गळ्यात पडनार. आन् माईकवर सांगनार, की मंडळी, ह्यो बघा खरा मानूस, मी नुसता लिव्हनारा.

बोलायला काय जातंय! पन ह्यातलं निम्मं खरं हुतं. पाच वर्सामागं रामहरी आन् त्याची बायकू विजयमाला पाथर्डीकडनं संगमनेरच्या अंगाला ऊस तोडाया गेल्ते. तितं त्यांच्या कोपीत, म्हंजी तोडकऱ्याच्या झोपडीत, पार्थ अरणगावकर नावाचा लेखक चार दिस मुक्कामाला आला. पुन्याचा मानूस, अंगात खादीचा झब्बा. पाचटावर निजला की सकाळी अंगभर चट्टे, जनू गोचिडाच्या गोठ्यात झोपलाय. विजयमालाच्या हातचा ठेचा खायचा, डोळ्यातनं घळाघळा पानी, आन् वर म्हनायचा, वहिनी, अजून थोडा. रामहरी बोलायचा आन् त्यो वहीत उतरून घ्यायचा. त्याचं झालं पुस्तक, नाव 'पाचटावरचं चांदणं'. आता पाचट म्हंजी उसाचा वाळला पाला. त्याच्यावर निजलं की खाज येती, चांदनं कुठनं येतंय? पन पुस्तक असं खपलं म्हनता, गुळाच्या ढेपंला मुंगळं लागावं तसं. कालिजातल्या पोरी मोबाईलम्होरं बसून ते वाचायच्या आन् रडायच्या, आन् ती रडनी लाख-लाख लोकं बघायची.

रामहरीनं मातुर पुस्तक उघडलं बी नव्हतं. कुनी इचारलं तर म्हनायचा, "माज्याच तोंडचं हाय ते. परत वाचायला मी काय रवंथ करनारं जनावर हाय?"

नगरला ग्रंथ महोत्सव भरला आन् अरणगावकर येनार अशी बातमी आली. हितं पुंजाराम मुकादम मधी पडला. ह्यो पुंजाराम दरसाली गावची टोळी कारखान्याला घेऊन जानारा, आन् जीभ त्याची कडबाकुट्टीवानी. टपरीवर चार मानसांत म्हनला, "रामहरी, लेका, त्याला तुजं नाव तरी ठाव हाय का? मी बी येतो. तुज्या गळ्यात कोन पडतंय ते बघू." झालं! आता आबरूचा सवाल. लेखकानं वळखलं तर रामहरी गावात ताठ मानंनं फिरनार. न्हाई वळखलं तर पुंजाराम त्याला मरस्तवर 'उडी' म्हनून हाक मारनार.

विजयमालाला यायचं नव्हतं, शेंगा काढायच्या ऱ्हायल्या हुत्या. पन लेखकाला ठेचा आवडतो म्हनून तिनं डबाभर कुटला आन् ठेवनीतलं लुगडं नेसून जीपमधी बसली. करंजी घाट उतरल्यावर तिनं हळूच इचारलं,

"माज्या त्या चौतीस दिसाचं सांगितलंय का त्यास्नी?"

"समदं सांगितलंय," रामहरी म्हनला आन् भाईर बघाय लागला.

ते चौतीस दिस काय, ते सांगतो. ऊसतोडीत नवरा-बायकू मिळून एक कोयता धरत्यात. एकटा मानूस म्हंजी अर्धा कोयता, आन् अर्ध्या कोयत्याला टोळीत कुनी इचारीत न्हाई. लेखक यायच्या आदल्या साली रामहरीचा कोयता उसाऐवजी सोताच्याच नडगीवर बसला. पुंजाराम म्हनला, अर्धा कोयता मला परवडत न्हाई, गावाकडं जावा. तवा विजयमाला त्याच्याम्होरं हुबी ऱ्हायली आन् म्हनली, "कोयता पुराच हाय. सांजला मोळ्या मोज." आन् चौतीस दिस तिनं एकटीनं तोडलं, एकटीनं मोळ्या बांधल्या, एकटीनं डोक्यावरनं फळीवर चढून गाडीत टाकल्या. रामहरी कोपीत पाय वर करून पडला हुता. दर तासाला च्या मागत हुता, ते येगळंच.

तर भिंगार मागं पडलं, नगर आलं. पाटीवर आता अहिल्यानगर हाय, पन जीपवाला अजून 'नगर नगर'च वरडतो. मैदानात ह्यो एवढा मांडव, आन् मानसं तर अशी की बैलबाजार बरा. एका दुकानाम्होरं शंभरभर मानसांची रांग, एका काळ्या चष्म्याच्या लेखकाची सही घ्यायला. त्याचं पुस्तक हुतं पहाटं चारला उठल्यावर आयुष्य कसं बदलतं त्याचं. विजयमाला म्हनली, "आपन तर तीनला उठतो. आपलं कवा बदलायचं?" रामहरी हसला. त्या दिवशीचं त्याचं तेवढंच हसनं.

कारन त्या रांगेच्या पल्याड हुबा हुता फलक. दोन पुरुस उंच. त्याच्यावर गडी काढलेला, डोक्यावर मोळी, मिशा अशा की लिंबू ठरावं. मागं कोपी, आन् कोपीत फाटक्या वाकळंत तापानं फनफनलेली बाई. खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं. रामहरी दुसरीपातूर शिकलेला, त्यानं एकेक अक्षर खडं येचल्यावानी येचलं:

'बायको तापाने पडली. चौतीस दिवस त्याने एकट्याने दोघांचा कोयता चालवला.'

'चौतीस'ला आला तवा त्याच्या तोंडचं पानी पळालं.

त्याला समदं आठवलं. लेखकाच्या वहीत पहिल्या दिवशी विजयमालाचंच नाव सतरांदा. वहिनी भाकर अशी थापतात, वहिनी ओवी अशी म्हणतात. रामहरी बसला हुता जवळ, भिताडाला टेकवलेल्या खोऱ्यावानी. मंग लेखकानं त्याच्या नडगीवरचा जखमेचा डाग बघून इचारलं, हे काय झालं? आन् रामहरीची जीभ घसरली. म्हनला, हे? हे चौतीस दिस दोघांचा कोयता एकट्यानं हानला ना, तवाचं. बायकू तापानं पडल्ती. लेखकाचा पेन वहीवर पळाय लागला. पेन पळाल्यावर रामहरीला बी चेव आला, आन् त्यानं ताप एकशे पाचवर नेला. विजयमाला तवा भाईर चुलीपाशी त्या दोघांसाठीच भाकरी टाकीत हुती.

बोललेलं वाऱ्यावर जातं असं त्याला वाटलं हुतं. त्याचा कधी फलक हुतो हे त्याला काय ठाव!

विजयमाला चौथीपातूर शिकलेली. तिनं मान वर करायच्या आत रामहरी फलकाम्होरं दोनी हात पसरून हुबा, जनू बुजगावनं.

"ह्यो मिशावाला कोन वो?" तिनं इचारलं.

"असंल कुनी कोल्हापूरकडचा. चल, तिकडं सैपाकाची पुस्तकं हायती."

"मला भाकर पुस्तकात बघून करायचीय व्हय?"

पन त्यानं वडत न्हेलीच. आता गंमत अशी, की त्या मांडवात जितं जावं तितं ह्योच मिशावाला. कपावर त्यो, दिनदर्शिकेवर त्यो. प्रकाशनाच्या दुकानातल्या रेश्मा मॅडमनी विजयमालाच्या हातात फुकट पिशवी दिली, तर तिच्यावर बी मोळी घेऊन त्योच हुबा. रामहरीनं पिशवी घेतली, उलटी केली आन् ठेच्याचा डबा तिच्यात कोंबला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकाटला. ज्या लेखकानं वळखावं म्हनून आला, त्यानं आता आंधळं व्हावं म्हनून देवाला साकडं घालाय लागला.

"चल घरला," त्यो म्हनला, "जीप निघून जाईल."

"आन् ठेचा?"

"ठेचा आपन खाऊ."

"कुटलाय त्यांच्यासाठी. दिल्याबिगर मी हलनार न्हाई."

एवढ्यात रामहरीच्या ध्यानात आलं, की पुंजाराम दिसत न्हाई. पुंजाराम चांगला सातवी पास. त्यानं फलक एका दमात वाचला हुता. चौतीस दिस त्याच्याच टोळीतलं, मोळ्या त्यानंच मोजलेल्या. त्यो फलकामागं जाऊन पोट धरून हासला, डोळं पुसलं, आन् थेट स्टेजमागं गेला. आल्ता रामहरीची फजिती बघायला, आन् गेला त्याचा सत्कार ठरवायला.

कर्ना वाजला: आपल्या लाडक्या कादंबरीचे खरेखुरे नायक रामहरी सपत्नीक मांडवात हजर आहेत!

मानसं बाजूला झाली. मधी वाट पडली. वाटंच्या ह्या टोकाला रामहरी, त्या टोकाला स्टेजवर अरणगावकर. आन् लेखकानं खरंच उडी मारली! झब्बा फाटला त्याचा. पळत आला, रामहरीच्या गळ्यात पडला, आन् माईक मागवून म्हनलाच, मंडळी, हा बघा खरा माणूस. गावाला सांगितल्यापरमानं सगळं घडलं, एक अक्षर इकडं-तिकडं न्हाई. रामहरी मातुर त्या मिठीत बकऱ्यावानी थरथरत हुता.

मंग फेटा झाला, नारळ झाला, शाल झाली. शाल दोघांत एकच हुती, ती रामहरीच्या खांद्यावर पडली. दोघांना स्टेजवर खुर्च्यांवर बसवलं, आन् लेखकानं पुस्तक उघडलं. दोनशे बारावं पान. मांडवात अर्ध्या बायांनी आदीच पदर डोळ्याला लावून ठेवला.

त्यो वाचीत गेला. ती कशी फनफनली हुती, त्यो कसा तिच्या कपाळावर पट्टी ठेवून उसाच्या फडात जायचा, मुकादम म्हनला अर्धा कोयता नको, तवा त्यो छाती काढून कसा म्हनला की कोयता पुराच हाय, सांजला मोळ्या मोज. तिचं वाक्य. जसंच्या तसं, नुसतं तोंड बदललेलं.

रामहरीनं डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितलं. विजयमाला मांडीवर हात ठेवून सरळ बसल्ती. त्या हाताला कोयत्याचे घट्टे, उजव्याला जास्ती. ती ते घट्टे बघत हुती, दुसऱ्या कुनाचे असल्यावानी.

टाळ्या थांबंनात. लेखकानं पुस्तक मिटलं. त्यो म्हनला, "वहिनी, तुम्ही सांगा. त्या चौतीस दिवसांत यांनी तुमच्यासाठी काय केलं?" आन् माईक तिच्या हातात दिला.

पहिल्या रांगेत पुंजाराम खुर्चीच्या टोकाला आला. ह्याच्यासाठीच त्यो थांबला हुता. रामहरीनं नडगी खुर्चीखाली वढून घेतली. आता ही एक वाक्य बोलंल, की आपला फेटा ह्या हजार मानसांच्या पायात. आन् ती बोलली तर तिचं काय चुकलं, हे बी त्याला कळत हुतं. तेच वंगाळ हुतं.

विजयमालानं एकदा पुंजारामाकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं.

"मला काय बी आठवत न्हाई," ती म्हनली. "तापात हुते ना मी."

मांडव हुंदके द्याय लागला. तिनं माईक ठेवला, ठेच्याचा डबा लेखकाच्या हातात दिला आन् खाली उतरली. पुंजारामाचं तोंड असं झालं, जनू फुकटच्या जेवनाला जाऊन उष्ट्या पत्रावळीच उचलाय लागल्या.

परतीला जीपमधी ती सत्कारात मिळालेलं पुस्तक उघडून बसली. बोट दोनशे बाराव्या पानात. रामहरीनं दोनदा खाकरून बघितलं. करंजीचा घाट एवढा लांब कवाच नव्हता.

दिवाळी झाली, टोळी कारखान्याला गेली. कोप्या हुब्या ऱ्हायल्या. पहिल्याच दिवशी पहाटं रामहरी कोयता घेऊन निघाला, तर विजयमाला सत्काराची शाल पांघरून निजलेली.

"उठ की."

"ताप हाय मला."

त्यानं हात लावून बघितला. "अंग तर गार हाय."

"पुस्तकात बघा," ती म्हनली आन् कूस बदलली.

भाईर पुंजाराम हुबा हुता. म्हनला, रामहरी, अर्धा कोयता मला परवडत न्हाई. आन् रामहरीला बोलावंच लागलं, "कोयता पुराच हाय." पन त्याचा आवाज काय छापल्यासारखा आला न्हाई.

तीन दिस त्यानं दोघांचं तोडलं. पहिल्या दिवशी हाताला फोड, दुसऱ्या दिवशी फोड फुटले, तिसऱ्या दिवशी मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढला आन् मोळीसकट खाली आला. गाडी निम्मी बी भरली न्हाई. आन् सांजला कोपीत आला की विजयमाला च्या मागायची. दर तासाला.

चौथ्या दिवशी पहाटं ती उठली. शाल घेतली, पिळली, गोल वेटाळून तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आन् फडात गेली. आजबी मोळीखाली तीच चुंबळ हाय.

रामहरीला त्या दिवशी काय झालं ठाव न्हाई, पन दुपारी बांधावर बसून त्यानं लेखकाला फोन लावला. म्हनला, साहेब, माजं चुकलं. ते समदं उलटं हाय. पाय माजा कापला हुता, चौतीस दिस तिनं तोडलं. मोळ्यांचं बोलनं बी तिचंच. तेवढं दुरुस्त करा. जिंदगीत पहिल्यांदा त्यानं कबूल केलं हुतं. विजयमाला पल्याड मोळी बांधता बांधता थांबली हुती.

लेखकानं समदं ऐकून घेतलं. मंग म्हनला, "रामहरी, तुम्ही देवमाणूस आहात."

म्हैन्याभरानं नवी आवृत्ती निघाली. फलकावरचं तसंच ऱ्हायलं, ताप तसाच ऱ्हायला, मिशा वाढल्या. फकस्त म्होरं एक पान जास्तीचं आलं: ह्यो मानूस इतका थोर, की सोताच्या कष्टाचं श्रेय बी बायकूला देतो.

पुंजारामानं ते पान फडात सगळ्यांम्होरं मोठ्यानं वाचलं. टोळी हासून हासून उसात लोळली. रामहरी कोयता टाकून उठला. म्हनला, मी आत्ता पुन्याला जातो, सगळ्यांम्होरं खरं सांगतो.

विजयमालानं चुंबळ नीट केली आन् मोळीला हात घातला.

"बसा गप," ती म्हनली. "जितकं खरं बोलाल, तितकं मोठं व्हाल. उचला आता ही."