दहा अळ्या, सुस्थितीत

चौथीच्या विज्ञान प्रकल्पासाठी शाळेने चाळीसही मुलांना पिठात होणाऱ्या प्रत्येकी दहा अळ्या दिल्या. सोबत मूठभर कोंडा, बटाट्याची चकती आणि बुटांचा रिकामा खोका. खोक्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकायचा, अर्धा उघडा ठेवायचा आणि अळ्या कुठे राहतात, कशा वाढतात, हे रोज बघून लिहायचं. प्रकल्पाचं नाव होतं ‘अळीचे जीवनचक्र’.

शाळेची कोणतीही वस्तू नोंदीशिवाय दाराबाहेर जात नाही. सजीवांसाठी वेगळी नोंदवही नसल्यामुळे मुख्य लिपिकांनी चारशे अळ्या जडवस्तूंच्या नोंदवहीत चढवल्या, पृथ्वीच्या गोलाखाली आणि मोडक्या घंटेच्या वर. त्या वहीचा नियम छापील होता: वस्तू ज्या अवस्थेत नेली, त्याच अवस्थेत महिनाअखेर परत करावी. खाली पालकांची सही हवी होती. पालकांनी केली. पालक सही करतात.

त्या चाळिसांतल्या बारकीने, म्हणजे आपल्या घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीने, पहिल्याच दिवशी लिहिलं, ‘उजेडात ठेवल्या की पाच मिनिटांत पुठ्ठ्याखाली जातात.’ अठराव्या दिवशी चार अळ्या आखडल्या, पांढऱ्या पडल्या आणि खाईनाशा झाल्या. बारकी उड्या मारत शाळेत गेली.

“बाई, माझ्या चार अळ्यांचे कोष झाले!”

बाईंचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. “कार्यालयात कुणाला बोललीस?”

“सगळ्यांना!”

“आधी मला सांगायचं गं, बाळा.”

दुपारीच पत्र आलं. ‘आपल्या ताब्यातील दहा नगांपैकी चार नग निकामी झाल्याचे समजते. सदर नगांचे निर्लेखन येत्या शुक्रवारी समितीसमक्ष करण्यात येईल. खोका सोबत आणावा.’

“निर्लेखन म्हणजे काय हो, आजोबा?”

आजोबांची हयात कचेरीत गेली होती. “वहीतून नाव खोडायचं.”

“आणि वस्तू?”

“ती मोडून टाकतात. परत कुणी वापरू नये म्हणून.”

बारकीने खोका पोटाशी धरला.

“रडतेस काय?” आई म्हणाली. “शोभेच्या माशांच्या दुकानात याच अळ्या मिळतात, खाद्य म्हणून. दहा आणू, देऊन टाकू. तुझे कोष राहू देत घरी.”

“पण त्या माझ्या नाहीत! त्यांचं मी काहीच लिहिलेलं नाही.”

“लिपिक काय तोंडं ओळखणार आहेत त्यांची?”

आई गेली आणि रिकाम्या हाताने परतली. “संपल्या म्हणे. आठवडाभर रीघ लागलीये.” तेव्हा प्रामाणिकपणाशिवाय गत्यंतर उरलं नाही.

शुक्रवारी समिती बसली. अध्यक्ष मुख्याध्यापक, सचिव मुख्य लिपिक आणि तिसरे ग्रंथपाल. ग्रंथपालांचा चौथीच्या वर्गाशी, विज्ञानाशी आणि हल्ली पुस्तकांशीही संबंध नसल्यामुळे ते निःपक्षपाती होते. टेबलावर एक लोखंडी पट्टी तयार होती.

“हे नग हलत नाहीत,” लिपिक म्हणाले.

“हलतात. हे बघा.” बारकीने दप्तरातून रंगाचा मऊ ब्रश काढला आणि कोषाला टेकवला. कोषाचं शेपूट वळवळलं आणि पुन्हा स्वस्थ झालं.

“खातात?”

“नाही.”

“मग करतात काय दिवसभर?”

“आतल्या आत बदलतायत.”

“आतल्या आत असा रकाना नाही आमच्याकडे.”

“साहेब,” बारकीसोबत आलेले आजोबा कोपऱ्यातून म्हणाले, “मलाही दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी तरी कुठे फारसा हलतो?”

“आपण जडवस्तूंच्या वहीत नाही, आजोबा.” लिपिकांनी पट्टी उचलली.

बारकीने इकडेतिकडे पाहिलं. ग्रंथपाल सभा सुरू झाल्यापासून हनुवटी छातीला टेकवून बसले होते. तिने त्यांच्या मनगटाला ब्रश टेकवला. हात किंचित वळवळला आणि पुन्हा स्वस्थ झाला.

“जिवंत,” असं म्हणत तिने वहीत लिहून घेतलं.

मुख्याध्यापक बराच वेळ खोकले. मग त्यांनी निर्णय सांगितला. जिवंत वस्तू मोडता येणार नाही. अळी नसलेली वस्तू अळी म्हणून परत घेता येणार नाही. सबब, नग मूळ अवस्थेत येईपर्यंत खोका विद्यार्थिनीकडे राहावा.

“येतील ना मूळ अवस्थेत?” त्यांनी हळूच विचारलं.

“येतील की! आता भुंगेरे होतील, ते अंडी घालतील, मग अळ्याच अळ्या.”

“किती?” लिपिकांनी पेन सरसावलं.

“दोनशे-तीनशे तरी.”

पेन हवेतच थांबलं. “दहा आमच्या. वरच्या कुणाच्या नावावर घेऊ?”

बारकीच्या प्रगतिपुस्तकात ‘प्रकल्प अपूर्ण’ असा शेरा आला. बाकीच्या एकोणचाळीस जणांनी दहा-दहा टवटवीत अळ्या मुदतीत परत केल्या. सगळ्यांना ‘अ’ श्रेणी मिळाली. त्यांचा निष्कर्षही एकमुखी होता, म्हणून शाळेने तो फलकावर लावला: ‘महिनाभराच्या निरीक्षणात अळीमध्ये कोणताही बदल आढळला नाही.’

त्याच आठवड्यात बारकीच्या खोक्यात पहिला भुंगेरा बाहेर आला. सुरुवातीला पांढरा होता, मग तपकिरी झाला, मग काळा. तिने त्याच्या पाठीला ब्रश टेकवला. तो तुरुतुरु पुठ्ठ्याखाली गेला.

माशांचा दुकानदार मात्र अजून चक्रावलेला आहे. इतकी गिऱ्हाइकं आली आणि परत एकही फिरकलं नाही. पण त्याला चेहरे लक्षात राहतात. म्हणून तर परवा तुम्ही दुकानावरून मान खाली घालून चालला होतात, तेव्हा त्याने हाक मारून विचारलं, “काय, मासे बरे आहेत ना?”

तुम्ही किंचित हललात आणि पुन्हा स्वस्थ झालात.