मस्तकगडाहून पान्हा सुटल्याची हकीकत

देवाचे कृपेने राज्ये चालतात आणि राज्यांचे कृपेने बखरकार जेवतो, म्हणोन दोहोंस नमन. शके १८९९, पिंगल नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य तृतीयेपासोन पंचमीपावेतोंचे हे वर्तमान. सगुणाबाई बाळंतीण, दिवस चौथा; त्यांचा देह हेंच राज्य. राजधानी मस्तकगड. गडाचे तळघरात दिवाण बसत, आणि दिवाणांचे गादीखाली वाटाण्याएवढी कोठी टांगली होती, तीस दरवाजे दोन. पुढील दरवाजाचा हलकारा दूध तयार करवी आणि मागील दरवाजाचा हलकारा तयार दूध बाहेर सोडवी. दिवाण मोठे शिस्तीचे गृहस्थ. पुढील हलकाऱ्यास एरवी मनाईच असे, आणि धाकटे स्वामी, म्हणजे चार दिवसांचे लेकरू, छातीस ओठ लावून अर्ज करीत, आणि तो अर्ज कण्याचे वाटेने गडास पोहोचे, आणि मग मनाई उठे आणि दोन्ही हलकारे रक्ताचे वाटेने दौडत. अर्ज नाही तर दूध नाही, ऐसा शिरस्ता. सगुणाबाईंस या दरबाराची खबर नव्हती, आणि असती तरी त्यांचा हुकूम तेथे कोण ऐकतो!

ऐसे असता दूध पुरेना आणि स्वामी रडो लागले. तेव्हा वेणूताई, सगुणाबाईंचे यजमानांच्या आत्या, मोठ्या करारी, अळिवाची खीर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "सारखी छातीशी धरून काय उपयोग गं? विहीर रोज उपसली तर पाणी लागणार कुठनं? साठू दे दोन दिवस." मग लेकरू पलीकडचे खोलीत नेले आणि बोंडल्याने साखरपाणी चालविले. इकडे गडावर अर्ज येईना. दिवाण म्हणाले, अर्ज नाही त्या अर्थी गरज नाही, आणि मनाई कायम केली. त्यात बाळ पाहावयास बायका येत आणि "आमच्या मंजूला तर धारा लागायच्या" ऐसे बोलून खीर खाऊन जात, आणि सगुणाबाईंस धास्ती पडली. धास्तीची खबर गडावर सर्वांआधी पोहोचते. शत्रू आला असता कोठार उघडू नये ऐसे दिवाणांचे जुने मत, म्हणोन मागील दरवाजासही अडसर पडला. स्वामी सुकले, रडणे बारीक जाहाले, आणि लेकरू हातचे जाते ऐसे सगुणाबाईंस वाटले.

पंचमीस दवाखान्यातील नर्स मालनबाई आल्या. बाळास पाहोन कपाळास आठी घातली आणि पुसिले, "शेवटचं कधी पाजलंत?"

"परवा. साठवतोय ना," वेणूताई बोलल्या.

"ही विहीर नाही, आत्याबाई. इथं उपसाल तेवढं लागतं, आणि ठेवाल तर आटतं."

मग मालनबाईंनी समस्त बायकांस बाहेर घातले, वेणूताईंसही, दार लोटले, आणि बाळ उघडे करून आईचे उघड्या छातीवर ठेविले. "दुधाकडे लक्ष नको. त्याच्याकडे बघा नुसतं." सगुणाबाई बाळाचे टाळूचा वास घेत राहिल्या. बाळाने बराच वेळ कोरडेच ओढिले, आणि अर्जावर अर्ज गडास गेले, आणि धास्ती उतरली, आणि दिवाणांनी मनाई उठविली, आणि अडसर निघाला.

"सिस्टर, पोटात कळ आली हो!"

"येऊ दे. ज्या निरोपानं दूध सुटतं, त्याच निरोपानं गर्भाची पिशवी आकसते. आता बघा."

इतक्यात पान्हा फुटला. बाळ घुटघुट गिळो लागले, आणि दुसरे बाजूस कोणी मागितले नसता थेंब आले. सगुणाबाई हसल्या आणि रडल्याही.

गिळण्याचा तो आवाज दारापलीकडे गेला. वेणूताई उंबऱ्याशी मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या पहिल्यालाही मी असंच साठवत बसले गं. सासूनं सांगितलं तसं. दूध आटलं, मग वरचं सुरू केलं, ते सोसलं नाही. तिसऱ्या महिन्यात गेला. मला वाटलं, माझ्यातच काही कमी होतं."

बाळ पीत होते.

तात्पर्य, हे राज्य साठवणाचे नव्हे, मागण्याचे. दिवाणांचा अपराध नाही, अर्जच पोहोचला नाही. वेणूताईंचाही नाही, हे मात्र त्यांस चाळीस वर्षांनी कळले. पुढील त्यांचे रडणे लिहवत नाही, सबब लेखणी ठेविली.