टाकीतलं शेत

आमचे शेजारी सदूभाऊजी रोज पहाटे लावणी करायचे. भाताची करतात तशी, पण बसायच्या खोलीत. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, माणूस गेला कामातून! सदऱ्याची बाही दंडापर्यंत चढवलेली, हात काचेच्या टाकीत, आणि पवना नदीतून आणलेलं पाणगवत एकेक काडी करून वाळूत खोचणं चाललेलं. कारखान्याचा भोंगा झाला की हात पुसून कामावर.

दुसऱ्या पहाटेपर्यंत सगळं गवत वर तरंगत असायचं. कारण त्या टाकीत एक वाम होती. वाम म्हणजे सापासारखा लांबुडका मासा. ही बया दिवसा वाळूत दडून बसणार आणि रात्रभर शेत नांगरणार.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीत औषधांचा कारखाना नवा, आमच्या चाळी नव्या, आणि भोवती उघडा माळ. भाऊजी चिपळूणकडचे, कारखान्यात फिटर. भंगारातल्या लोखंडी पट्ट्या आणि खिडकीच्या काचा जोडून टाकीही त्यांनीच केलेली. सगळे सांगून थकले की वाम नदीत सोडा, नाहीतर गवताचा नाद सोडा. आमचे हे म्हणाले, कालवण करा आणि मोकळे व्हा. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "नांदतील हो, नांदतील."

एकदा त्यांनी गावाकडची अक्कल चालवून वाळूखाली शेणखत घातलं. सबंध चाळ नाकाला पदर लावून फिरत होती. वाम बिचारी तोंड वर काढून आचके द्यायला लागली, तेव्हा तिला उचलून भाऊजींनी जवळच्या पाण्यात टाकलं. ते जवळचं पाणी म्हणजे माझा हंडा. मी पाणी घ्यायला गडवा बुडवला, तो हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं. माझी किंकाळी म्हणे पार स्टेशनपर्यंत गेली होती.

मग फिटरची अक्कल. गवताच्या प्रत्येक मुळाला लोखंडी नट बांधला. गवत जागचं हललं नाही, पण नट गंजले आणि टाकीत चहा झाला. "नांदतील," म्हणत भाऊजींनी पुन्हा पाणी भरलं.

संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू. खोली बायकांनी भरलेली, आणि भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. म्हणाले, वहिनी, सुगडं उरलीत का? सुगडं म्हणजे ऊस, बोरं, हरभरे, तिळगूळ भरून सवाष्णींना द्यायची मातीची बोळकी. त्यांचा हिशेब असा, की गवत सुगडात लावलं तर वामीला ते उकरता येणार नाही. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. मीही कसली गप्प बसते! म्हटलं, "सुगड सवाष्णीला देतात, भाऊजी. तुम्हाला कुंकू कुठं लावू?"

तेही हसले. मग खाली बघत म्हणाले, "मालतीच्या नावानं द्या."

त्यांची मालती उन्हाळ्यापूर्वी माहेरी गेली होती, परतली नव्हती. आम्ही आपापसात समजून घेतलं होतं की मोडलं. त्या दिवशी कळलं, ही वाम नदीवर मासे धरणाऱ्या भोयानं कालवणासाठी दिलेली. जिवंत निघाली म्हणून मालतीनं तिला विळी लावली नाही, बादलीत ठेवून भाताची शितं घातली.

"आली की आधी तिचीच चौकशी करील," भाऊजी म्हणाले. "कशी सोडू नदीत?"

"आणि गवत?"

"जाताना म्हणाली, या माळावर डोळ्यांना हिरवं दिसत नाही, जीव रमत नाही. म्हटलं, घरात तरी..."

घरातली होती नव्हती ती रिकामी सुगडं त्यांच्या हाती दिली. वर एक भरलेलं, हळदकुंकू लावून, मालतीच्या नावाचं.

युक्ती लागू पडली हो! गवत ताठ उभं राहिलं आणि वाम सुगडांभोवती चकरा मारत बसली. एवढीशी एक जुडी मात्र अजून तरंगत होती. मी म्हटलं, खिडकीत ते एक सुगड आहे की, रिकामं करून घ्या.

"ते तिचं वाण आहे," भाऊजी म्हणाले. "त्यात गवत कसं लावू?"

आता पहाटेची लावणी संपली होती. तरी भाऊजी भोंग्याआधीच उठायचे. खिडकीतल्या त्या सुगडाला तिळगुळामुळे मुंग्या लागायच्या, त्या एकेक करून झटकत बसायचे.