उधळपट्टीचे कट्टर विरोधक

महादूतात्यांच्या कापडी पिशवीत दोन वस्तू कायम असायच्या: एक काळा झेंडा आणि एक शेंडीचा नारळ. सरकारी कामाच्या ठिकाणी पोचले की तात्या आधी गर्दीचा अंदाज घ्यायचे आणि मग पिशवीत हात घालायचे. काय बाहेर येणार, ते त्यांनाही शेवटपर्यंत माहीत नसावं.

टोकावड्याला माझा मंडप आणि लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. त्यामुळे तात्यांची बहुतेक भाषणं माझ्याच माइकवर झाली. ते पंचायत समितीचे सदस्य, विरोधी पक्षाचे. माइक हातात आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "ही उधळपट्टी हाय. रम्या, आवाज वाढव." दुसरं वाक्यही तेच, फक्त आवाज वाढलेला.

मग जगात कुठेतरी मंदी आली. सरकारने ठरवलं, गावोगाव कामं काढायची, म्हणजे लोकांच्या हाताला काम मिळेल, बाजार हलेल. तात्यांची तर दिवाळीच सुरू झाली. एका सकाळी ते नाक्यावर गरजले, "अमेरिकेत बँक बुडली, तर आमच्या गावात गटार कशाला?" लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. दुपारी त्याच गटाराचं भूमिपूजन होतं. तात्या सगळ्यांच्या आधी हजर. गटार त्यांच्याच मागच्या दारावरून जाणार होतं. नारळही त्यांनीच फोडला.

मी वायर गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "तात्या, सकाळी तर तुमी..."

"सकाळी तत्त्व होतं," तात्या खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत म्हणाले. "आता गटार हाय. गल्लत करू नको."

त्यांच्या घरी गेलं की तत्त्वं मोजायला मिळायची. अंगणात सरकारी सौरदिवा, परसात गोबरगॅस, शेतात शेततळं. एकदा काकू मला चहा देताना म्हणाल्या, "ज्याला ज्याला ह्यांनी शिव्या घातल्या, ते सगळं आमच्या घरात आलं. आता म्हटलं, जरा फ्रीजला पण घाला."

तात्या बशीतला चहा फुंकत राहिले. "योजना वाईटच हाय," ते शेवटी म्हणाले. "पण वापरल्याशिवाय किती वाईट ते कसं कळनार?"



त्याच कामांच्या लाटेत डोंगरावरच्या एका वाडीला डांबरी रस्ता झाला. इन मिन दहा-बारा घरांची वाडी. तात्यांच्या पक्षाच्या साहेबांना ही आयतीच संधी वाटली. ते ठाण्याहून गाडी घेऊन आले. वाडीचा रस्ता जिथे मोठ्या रस्त्याला मिळतो, तिथे निषेधसभा ठरली. मी माइक लावला. साहेबांनी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आज झोडून काढा. जिल्हा परिषदेचं तिकीट तुमचंच."

तिकिटासाठी तात्या किती वर्षं झुरत होते, ते आख्ख्या गावाला ठाऊक होतं. साहेब आधी स्वतः बोलले. "एवढ्याशा वाडीला रस्ता? तिथं जातं कोण आणि येतं कोण?" मग त्यांनी माइक तात्यांकडे दिला.

तात्यांनी आवाज वाढवायला सांगितलं नाही. ते साहेबांकडे बघतच नव्हते, वरच्या वळणाकडे बघत होते. त्या वळणावरून एक जीप हळूहळू खाली येत होती. पुढच्या सीटवर एक म्हातारी दोन्ही हातांनी दांडा धरून बसलेली. तात्यांची थोरली बहीण, आका. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच तात्यांना कडेवर घेऊन वाढवलं. लग्न होऊन ती त्या वाडीत गेली. पुढे गुडघे गेले आणि तिचं माहेर सुटलं. दर भाऊबीजेला तात्याच डोंगर चढून जायचे. काकू सांगायच्या, येताना ते कोणाशी बोलत नसत.

जीप खाली येऊन थांबली. तात्या माइकवर म्हणाले, "आज भाषन नाय. माझी आका आलीय." आणि माइक माझ्या हातात देऊन चालू लागले.

लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. साहेब गाडीत जाऊन बसले, आणि तिकीट त्यांच्याबरोबरच ठाण्याला गेलं.

रस्त्यापलीकडे सरपंच उभे होते, सत्ताधारी पक्षाचे, तात्यांच्या शिव्यांचे हक्काचे धनी. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "हा रस्ता तुझ्या तात्यानंच मंजूर करायला लावला. माझ्या पडवीत येऊन बसून राहायचा. म्हनायचा, बाहेर बोलतो ते मनावर घेऊ नको, पन वाडीचं तेवढं बघ." मी माइक बंद केला.

तिकडे तात्या जीपचं दार उघडून आकाला उतरवत होते. आकाने मागे वळून त्या काळ्या, नव्या रस्त्याकडे बघितलं.

"महादू, हा रस्ता कोनी केला रे?"

एरवी गावात पिंपळाला पालवी फुटली तरी ती आपल्या प्रयत्नांनी फुटली म्हणणारा हा माणूस.

"सरकारनं गो," तात्या म्हणाले.

आकाने थोडा विचार केला. "चांगला मानूस दिसतो."

"हां," तात्या म्हणाले, "बरा हाय." आणि खाली बसून तिच्या पायातून निसटलेली चप्पल नीट घालू लागले.